सहावा खिळा

२ एप्रिल, बुधवार
पोचले. अकोला. घर तळमजल्यावर, दोन खोल्या, मागे न्हाणी. खोकी अकरा. रत्नागिरीहून निघाल्यापासून मोजतेय, अकराच आहेत.
मालकांनी दोन किल्ल्या दिल्या. एक पर्समध्ये. दुसरीला गार्गीचा केसांचा लाल रबर गुंडाळला. तो माझ्याच पर्सच्या तळाशी सापडला, कधी पडला कोण जाणे. ही तिची किल्ली. ती येईल तेव्हा.
येईल का, माहीत नाही. मी अकोल्याच्या बढतीच्या कागदावर सही केली त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. सतरा वर्षांची आहे, बोलायचं नाही म्हटलं की नाहीच बोलत.
रात्री बिस्किटं खाल्ली. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही.

३ एप्रिल
सकाळी दार वाजलं. समोरच्या घरातल्या बाई, तायडे. रिटायर नर्स, साठीच्या पुढे, आवाज खणखणीत.
"मॅडम, तुमची एक किल्ली मायाकडे ठेवा."
का म्हटलं.
"नळासाठी. पाच दिसानं येते, कधी येईन त्याचा नेम नाई. ज्याच्या घरी मानूस त्यानं साऱ्याईच्या घरचं भरायचं. बाकी पाचाईच्या किल्ल्या मायापाशीच हायेत."
त्यांच्या दाराआड एक लाकडी पट्टी. सहा खिळे. पाच किल्ल्या लटकलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. सहावा खिळा मोकळा.
अनोळखी बाईला पहिल्याच सकाळी घराची किल्ली द्यायची? आमच्याकडे सख्ख्या जावेला देत नाहीत. म्हटलं, दुसरी किल्ली माझ्या मुलीची आहे.
"मंग ते कुठं हाय?"
"रत्नागिरीला."
"अवो, मंग थे किल्ली तिथं काय कामाची अन् इथं काय कामाची?"
दार लावून घेतलं. उद्धट झालं जरा. होऊ दे.

५ एप्रिल
गरम. दुपारी भिंतीला हात लावला तर भिंत गरम. आमच्या घामाची सवय इथे उपयोगाची नाही, इथे घाम येतच नाही, आतल्या आत वाळतो माणूस.
सं. ला फोन केला. (संजय. नवरा. लिहून ठेवते, पुढेमागे विसरायला होईल.) "पोचलीस ना? बरं." गार्गी कुठेय? "आत आहे." दे. "नको म्हणतेय."
एवढंच. अठरा वर्षांच्या संसाराचा फोन चाळीस सेकंदांचा.
लोक बढती नाकारतात. आमच्या खात्यात निम्म्या बायका नाकारतात, पोरांच्या शाळा, सासू-सासरे. मला वाटलं होतं मीही नाकारीन. कागद पुढे आला आणि सही झाली. घरी कुणाला विचारलं नाही. सं. म्हणाला, "ठरवलंच आहेस तर जा." तो आणि मी गेली सहा-सात वर्षं असंच बोलतो, सामानाची यादी वाचल्यासारखं. त्याच्यापासून निघाले हे खरं. गार्गीपासून नव्हतं निघायचं. पण रस्ता एकच होता.

७ एप्रिल
नळ आला म्हणे. साडेअकराला. मी ऑफिसात.
संध्याकाळी तायडे मावशींनी दोन गुंड पाणी आणून ठेवलं, पितळी, घासून लख्ख. चेहरा सगळं बोलत होता.

१२ एप्रिल, शनिवार
सुट्टी. नळाचा दिवस. सकाळपासून घरात बसून. पिंप नाही हे दहा वाजता लक्षात आलं, म्हणून बाजारात गेले. निळं पिंप, झाकणाचं, रिक्षात मांडीवर घेऊन परत आले तर बिल्डिंगभर ओल्या बादल्या. येऊन गेला.
रिकामं पिंप न्हाणीत ठेवलं. हसू यायला हवं होतं.
मागीलदारची विहीर आठवली. हात घातला की पाणी. तेव्हा विहिरीचं कौतुक कधी केलं नाही.

१४ एप्रिल
जयंती. गल्लीत निळे झेंडे, सकाळपासून गाणी. ता. मावशी पांढऱ्या साडीत, खीर-पुरी घेऊन आल्या. मी जय भीम म्हटलं. खूश झाल्या. बसल्या. अकरा खोक्यांकडे बघून म्हणाल्या, "बारा दिस झाले, अजून तसंच? काहून?"
दहा उघडायची आहेत, एक नाही, म्हटलं. त्या एकावर मार्करने 'गार्गी' लिहिलंय.
"लेक कधी येनार?"
"माहीत नाही."
"फोन गिन?"
"घेत नाही."
त्यांनी वाटी उचलली. जाताना म्हणाल्या, "मायी लेक चांदूर रेल्वेले देली. दोन वर्स नाई बोलली माह्यासंगं. मंग बोलली." का नाही बोलली, मग का बोलली, काही नाही सांगितलं. मीही विचारलं नाही.
खीर चांगली होती. दुसऱ्यांदा घेतली.

१७ एप्रिल
लिहायला हात वळत नाही तरी लिहिते.
सकाळी न्हाणीतला नळ उघडून बघितला. फुसफुस हवा, पाणी नाही. तेवढ्यात ऑफिसचा फोन, पर्स, कुलूप, निघाले. तोटी उघडीच राहिली.
नळ बाराला आला. मी सहाला.
दोन तास वाहिला. पिंपात नव्हे, पिंप बाजूला होतं. घरभर, मग दाराखालून पॅसेजमध्ये, मग नालीत. कुलूप असल्यामुळे कुणाला आत जाता येईना. सगळी बिल्डिंग जमलेली. वरचे इंगळे काका माझ्याकडे न बघता जिन्यावरून गेले. ता. मावशी मात्र बघत होत्या.
"पाच दिसाचं पानी नालीत गेलं, बाई! मी दारापाशी उभी राहून आयकून राहिली, आत पानी पडून राहिलं, अन् मले काई करता येईना! मले रडू आलं, खरं सांगते!"
पाण्यासाठी रडू. मला माझी मुलगी सोडून येताना आलं नाही.
नऊ खोकी खालून ओली. त्यात ते.

१८ एप्रिल, शुक्रवार
सुट्टी. 'गार्गी' खोकं उघडावंच लागलं. गच्चीवर नेलं. तिचा टेबल लॅम्प. बॅडमिंटनची रॅकेट. दोन चादरी. आठवीतली शिंपल्यांची वही, भाट्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले चिकटवून खाली नावं लिहिलेली. डिंक सुटला, शिंपले खोक्याच्या तळाशी, नावं पुसून निळी झालेली.
हे सगळं मी तिला न विचारता आणलं. तिच्या खोलीतून, ती क्लासला गेली असताना. तिचं सामान इथे असलं की ती येईल, असं काहीतरी डोक्यात असणार. चोरीच ती.
तिथे, गच्चीवर, राग आला. स्वतःचा. इतका की रॅकेट आपटली. सही केल्यापासून दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी आलं.
ता. मावशी वर आल्या. रॅकेट उचलली, बाजूला ठेवली. मग खाली बसून एकेक शिंपला पदराने पुसायला लागल्या. कोणता कुठला, त्यांना काय कळणार. तरी मोठे एका रांगेत, लहान एका रांगेत लावले. दुपारी ऊन इतकं की वही तासाभरात वाळून कडक झाली.

१९ एप्रिल
किल्ली दिली.
म्हटलं, "हा लाल रबर काढू नका."
"मी काहून काढू?" त्यांनी सहाव्या खिळ्याला लावली. "पहिल्या दिसापासून मोकळा ठेवला होता. तुमचाच व्हता थो."
इंगळे काकांना चहाला बोलावलं. आले. पाण्याचा विषय काढला नाही, गर्मीचा काढला. "ह्ये तं काईच नाई, मे येऊ द्या." धमकीच वाटली.

२२ एप्रिल
ऑफिसातून आले तर पिंप भरलेलं. झाकण लावलेलं, झाकणावर तांब्या पालथा. लादी पुसलेली. ओट्यावर दोन भांडी पडली होती, तीही घासलेली.
कुणीतरी घरात येऊन गेलं आणि काही नेलं नाही. बराच वेळ पिंपाजवळ उभी होते.

४ मे, रविवार
पिंपाचा फोटो काढला. का, माहीत नाही. गार्गीला पाठवला. रोज काहीतरी पाठवते, पत्ता पाठवला, घराचं दार पाठवलं, ती बघते आणि गप्प.
आज:
"हे काय"
मी: पाणी.
"एवढं?"
मी: पाच दिवसांचं.
पुढे काही नाही. पण 'हे काय' आणि 'एवढं'. तीन शब्द. बाहेर जाऊन ता. मावशींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "बोलली नं! अजून काय पाह्यजे?"
अजून बरंच पाहिजे. पण म्हटलं, हो.

१४ मे, बुधवार
अमरावतीला विभागीय बैठक. सकाळच्या एसटीने गेले. फोन पर्समध्ये मुका. दोनला बाहेर आले, गार्गीचे नऊ मिस्ड कॉल.
लावला.
"आई कुठेयस तू? मी दारात उभी होते, कुलूप होतं."
"कुठल्या दारात?"
"तुझ्या."
अमरावती ते अकोला अडीच तास, बस कधी मिळेल देव जाणे, सतरा वर्षांची पोर त्या उन्हात. म्हटलं, समोर तायडे मावशी...
"आत आहे मी. त्यांनी उघडलं."
मग फोन मावशींनी घेतला. "पोट्टी आली तुमची. तोंड असं लाल झालं व्हतं, पहिले पानी देलं. कोन हायेस म्हनून इचारलं तं सांगे ना. मी किल्ली काढली, तं म्हने, हा रबर माया हाय. मंग म्या वळखलं. तुमी सावकास या. जेवाले वाढते तिले."
मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने आले. रडत होते. शेजारच्या आजोबांनी जागा दिली, काय झालं विचारलं. काही नाही, मुलगी आलीय म्हटलं. त्यांना काही उलगडलं नसावं.

१५ मे
रजा टाकली.
सं. ने गाडीत बसवलं, मला कळवायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. परतीचं तिकीट रविवारचं, दुपारचं. आधीच काढलेलं. बॅग दाराजवळ, चेन बंद. लागेल ते तेवढ्यापुरतं काढते, पुन्हा बंद करते.
खोक्यातल्या वस्तू बघितल्या. लॅम्प, चादरी. चिडेल वाटलं. "माझी खोली चोरलीस तू," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं.
शिंपल्यांची वही उघडली. मोठ्या-लहान रांगा बघून म्हणाली, "हे चूक लावलंय सगळं."
मावशींनी लावलंय.
"मग राहू दे."

१७ मे
मला बारावीचं विचारायचं आहे. इथे करशील का. चार दिवस जिभेवर आहे. विचारलं आणि नाही म्हणाली तर? विचारत नाही. भित्री आहे मी, बढतीवर सही करण्यापुरता धीर होता, तो तिथेच संपला.
सकाळी ता. मावशींकडे गेले. सहाव्या खिळ्याला किल्ली होती. रबर नव्हता.
घरी आले तर तो तिच्या केसांत. गर्मीने केस वर बांधलेले. आपली वस्तू आपण नेतो म्हणून काढला, की नुसतं मानेला उकडत होतं म्हणून? विचारलं नाही तेही.

१८ मे, रविवार
गाडी साडेतीनची. अकरा वाजता नळ आला, एक दिवस उशिराने. बिल्डिंगभर एकच गलका, "नळ आला, नळ आला." मी कणीक मळत होते, हात भरलेले. उठेपर्यंत गार्गी न्हाणीत.
"मी भरते. तू पोळ्या कर."
ऐकत होते. पिंपात पाण्याचा आवाज आधी खोल, मग वर वर येत जातो. भरलं. तोटी बंद होईल म्हणून थांबले. झाली नाही. बादली ओढल्याचा आवाज, मग कोपऱ्यातलं दुसरं पिंप, मेच्या धास्तीने घेतलेलं, जे मी अजून एकदाही भरलेलं नाही. ते ती आतून घासून धूत होती.
"आई, ह्याचं झाकण कुठेय?"
खिडकीत आहे, म्हटलं.
झाकण नेऊन ठेवलं. बॅग दाराजवळच आहे. एकटीला दोन पिंपं लागत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.