शेवटचं पान

नागपूर, ३ मार्च १९९७

तीर्थरूप बाबांना देवश्रीचा नमस्कार.

हे पत्र आई तुम्हाला वाचून दाखवत असेल. मी मजेत आहे, डबा चांगला मिळतो.

पहिल्या पगारात कोरी कादंबरी घेतली. आपल्या घरातलं पहिलं विकतचं पुस्तक. घेताना तुमच्यासारखंच आधी शेवटचं पान आहे ना ते पाहिलं. दुकानदार म्हणाला, "ताई, नवीन आहे." महाडला आपण मागून आणलेली, पानं गळालेली पुस्तकं वाचायचो, हे त्याला काय सांगणार?

आत तुमचं नाव घातलंय, खाली माझं.

मोतीबिंदूची पट्टी कधी सुटणार? आई, खरं काय ते कळव.

शेवटचं पान मी वाचलेलं नाही. शिमग्याला येते, बाबा. ते तुम्ही मला वाचून दाखवायचं.

तुमची
देवश्री