जावक जावयाकडं

दादा, मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. गेलेल्या माणसावर चिडून काय मिळणार, असं माय मला सांगायची, आणि तीच भाकरी थापता थापता तुमच्या फोटोकडं बघून काहीतरी पुटपुटायची. बाहेरच्यांचा राग तर आहेच, तो कुठं जाणार? पण त्यांच्यातले काही मेले, काही पेन्शन घेऊन नातवंडं खेळवतात, आणि राहिलेले माझ्याशी गोड बोलतात. म्हणून तो सगळा तुमच्यावर निघतो. तुम्ही उलटून बोलणार नाही. तसे जिवंत असतानाही कधी बोलला नाहीत, तेच तर माझं दुखणं आहे.

दुष्काळात तुम्ही चाकूरजवळच्या रस्त्यावर खडी फोडायला होता आणि मी मायच्या काखेत होते. हे मायनं सांगितलेलं, पण इतक्यांदा की ती खडी मला आता डोळ्यापुढं दिसते. दुष्काळानं जमीनवाल्याच्या आणि बिनजमीनवाल्याच्या हातात एकच हातोडा दिला, असं पुढारी नंतर भाषणात सांगायचे. डोंबलाचा एकच! पाणी वाटणारी बाई त्यांना तांब्या हातात द्यायची आणि आपल्या लोकांच्या ओंजळीत वरून धार धरायची. मुकादम होता गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याचा लेक. हजेरी लिहिणं त्याचं काम, पण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नव्हतं. मग दुपारच्या सुट्टीत तो तुम्हाला हाक मारायचा. सगळे सावली धरून सुकडी खात बसलेत आणि तुम्ही हातावरची धूळ झटकून त्याच्या हजेरीपटावर नावं लिहून राहिलात. सही त्याची, मुकादमकी त्याची, आणि त्या हजेरीत तुमचं नाव खडी फोडणाऱ्यांत. माय म्हणायची, "त्याला म्हना की, लिहून घेतोस तर मला कारकून म्हनून तरी घाल." तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे. वळख ऱ्हाती. फुडं कामाला येती." कुणाच्या कामाला आली हो ती ओळख? तोच माणूस पुढं एस्टी स्टँडवर भेटला की तुम्हाला जातीसकट हाक मारायचा. आजोबांनी धम्म घेतल्याला किती वर्षं लोटली होती. कागदावर आपण बौद्ध आणि त्याच्या तोंडात जुनंच.

मग लातूर जिल्हा झाला. केवढा आनंद होता गावात, जणू प्रत्येकाच्या दारात कचेरी येणार होती. खरंच नोकऱ्या निघाल्या. तुम्हाला कॉल आला, राखीव जागेवर शिपाई म्हणून लागलात, आणि आपण लातूरला एका खोलीत राहायला आलो. हापिस भाड्याच्या इमारतीत, खुर्च्या अपुऱ्या, उस्मानाबादहून ट्रक भरून फायली येतायत आणि तुम्ही लाल कापडात बांधलेले गठ्ठे पाठीवरून माडीवर नेताय. पहिल्या महिनाभरात कामं वाटून दिली. शिपायाचं पहिलं काम म्हणजे पाणी. साहेबाला, बाबूंना, आल्यागेल्याला. बाकीच्या तिघा शिपायांना आळीपाळीनं पाण्याची ड्युटी लागली. तुम्हाला लागलीच नाही. कुणी काही बोललं नाही, कुठं लिहिलं नाही, फक्त माठाकडं तुम्हाला कुणी पाठवलं नाही. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "मला पानी द्यायचं काम न्हाई, माझ्याकडं लिहायचं हाय." आणि आम्ही मायलेकी खूश झालो! कारण तुम्ही रिकामे दिसलात म्हणून बडेबाबूंनी, म्हणजे तिथल्या हेडक्लार्कनी, जावकचं रजिस्टर तुमच्यापुढं सरकवलं होतं. हापिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद, नंबर, तारीख, कुणाला, काय. काम कारकुनाचं, लिहिणारा शिपाई. म्हणजे तुमचा हात माठाला लागला तर पाणी बाटत होतं, आणि तोच हात दिवसभर सरकारी रजिस्टरवर फिरला तर काही बाटत नव्हतं. काय ती अक्कल!

बडेबाबू मोठे रंगेल बोलणारे. ते म्हणायचे, "आवक आमच्याकडं, जावक जावयाकडं." आणि सगळं हापिस हसायचं. तुम्हाला ते नावानं हाक मारतच नव्हते, जावईबापू म्हणायचे. जावईबापू, हा कागद चढवा. जावईबापू, आज उशीर? तुमचा डबा घेऊन मी यायची तेव्हा मी हे ऐकायची आणि माझी छाती फुगायची. मला काय कळत होतं? पाचवीतली पोर मी. आपल्याकडं आत्याचे मालक आले की माय पाट मांडायची, अंडी आणायला मला पळवायची, ते पाय धुवायला थांबले की सगळं घर थांबायचं. जावई म्हणजे घरातला सगळ्यात मानाचा माणूस, एवढं मला पक्कं ठाऊक. म्हणजे हापिसात माझ्या दादांचा तेवढा मान!

आणि मग ती पंधरा ऑगस्टची सकाळ. झेंडावंदन झालं, पोरांना कागदात जिलेबी मिळाली. बाहेरून नवे साहेब आले होते, त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "तू कुणाची गं? वडील काय आहेत इथं?" मी मान ताठ करून म्हणाले, "माझे दादा हितं जावई हायेत." असा हशा पिकला की मी पण हसायला लागले. बडेबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. "बघा साहेब, आता पोरीनंच सांगितलं!" आणि तुम्ही, दादा, तुम्ही पण हसलात. मान खाली घालून, पण हसलात. मला आठवतंय ते. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. आयुष्यात एकदाच. जिलेबीचा कागद हातातून पडला. का मारलं ते सांगितलं नाहीत, पाठ फिरवून बसलात. मायनं मला कवेत घेतलं आणि सांगितलं, राखीव जागेवर लागलेल्याला ते सरकारचा जावई म्हणतात. काम न करता फुकटचं खाणारा. ती शिवी असती, बाई. मी विचारलं, "मग दादा का हसले?" मायनं माझं तोंड पदरानं पुसलं. मी आज तुम्हालाच विचारते. तिथं त्याच्या तोंडावर हसायचं आणि घरी लेकराला मारायचं, ही कुठली रीत? ती चापट त्या माणसाची होती. माझी नव्हती.

पण तुम्ही पेटलात तेही त्याच दिवसापासून, हे खोटं बोलणार नाही. मॅट्रिकचा फॉर्म भरलात. इंग्रजीनं तुम्हाला दोनदा लोळवलं. शेवटी बापलेक एकाच वर्षी दहावीला बसलो. मी तुम्हाला स्पेलिंग घालायची आणि तुम्ही चुकलात की मी बाईंसारखी पट्टी आपटायची, तुम्ही खोटं खोटं "आई गं" म्हणायचात. दोघंही पास झालो. तुम्ही लाल टोपीवाल्या पेढेवाल्याकडून पेढे आणलेत आणि मला म्हणालात, "आता कारकून झाल्याबिगर मरत न्हाई." शिपायांतून कारकून घ्यायचे होते, जागा होती, पात्रता झाली होती. घरात दुसरा विषय नव्हता. मायनं तुमच्यासाठी दोन पांढरे सदरे शिवून आणले, कारण कारकून खाकी घालत नाही.

मुलाखतीच्या दिवशी तुम्ही त्यातलाच एक सदरा घालून गेलात. समितीचे तीन साहेब बसलेत. बडेबाबू बाजूला, कागद पुरवायला. एक साहेब तुमचा गोपनीय अहवाल बघून म्हणतात, "लेखी कामाचा अनुभव नाही असं लिहिलंय. खरं का?" दादा, तो अहवाल ज्यानं लिहिला तो तिथंच बसलाय. आणि त्या साहेबाच्या पाठीमागं काचेचं कपाट आहे, त्यात जावकची सगळी रजिस्टरं ओळीनं लावलीयत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुमच्या हातची. बोट दाखवायचं होतं नुसतं. एक बोट! तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. न्हाई अनुभव."

हे तुम्हीच आम्हाला घरी येऊन सांगितलंत, अगदी शांतपणे. मायनं हातातली पळी आपटली. "अवो, ती रजिस्टरं दाखवायची की! तुमचं अक्षर काय मेलं होतं का?" तुम्ही म्हणालात, "दाखवली असती तर साहेबानं इचारलं असतं, शिपायाकडनं कुनी लिहून घेतली. बडेबाबूची नोकरी गेली असती. त्याला तीन पोरी हायेत." मी तेव्हाच ओरडले होते, "आणि तुम्हाला काय हाय? मी कुनाची हाय?" तुम्ही सदरा काढून खिळ्याला टांगलात आणि म्हणालात, "त्याचं त्याच्यापाशी. आपन कुनाच्या पोटावर पाय दिला न्हाई." त्यानं तुमच्या पोटावर उभं राहून नाच केला आणि तुम्हाला त्याच्या पोरींची काळजी! हा चांगुलपणा होता की भीती होती, मला अजून ठरवता येत नाही. लोक म्हणतात, तुझे वडील देवमाणूस. मला देवमाणूस नको होता. मला भांडणारा बाप पाहिजे होता.

तुम्ही शिपाई म्हणूनच गेलात. नोकरीत असताना, छातीत कळ येऊन, टपालाची पिशवी खांद्यावर असताना. आणि बघा सरकारची तऱ्हा. तुम्हाला हयातभर जे दिलं नाही ते तुमच्या मरणावर मला दिलं. अनुकंपावर मला कारकून म्हणून घेतलं, त्याच हापिसात. पहिल्या दिवशी सगळे कौतुकानं म्हणाले, "बापाच्या खुर्चीवर बसली." बापाला खुर्ची होती कुठं? दाराबाहेर स्टूल होतं. महिनाभरात मी जुनी रजिस्टरं काढून बघितली. तुमच्या 'र'ची शेपटी खालच्या ओळीला लागते, दुसऱ्या कुणाची तशी लागत नाही. मी दार लावून रडले. नंतर मी एक काम केलं, जे तुम्ही केलं असतं तर बरं झालं असतं. नव्यानं लागलेल्या आपल्यातल्या एका शिपायाला पाण्याची ड्युटी लावत नव्हते, तेव्हा साहेबापुढं उभी राहून लेखी मागितलं, का लावत नाही ते लिहून द्या म्हणाले. कुणी लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस पाणी द्यायला लागला. दोन बाबूंनी घरून बाटल्या आणायला सुरुवात केली. मी म्हणाले, आणा, खुशाल आणा.

लग्नानंतर मी नांदेडला बदली घेतली. तिथं कुणी मला ओळखत नव्हतं. पहिल्याच दिवशी डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "वडील काय करायचे?" साधा प्रश्न, त्यात खोच नव्हती. मी म्हणाले, "हेडक्लार्क होते, लातूरला." तोंडातून निघून गेलं असं म्हटलं तर मला बरं वाटेल, पण तसं नाही. मी घास गिळला, पाणी प्याले, विचार केला, आणि मग म्हणाले. तेव्हापासून तेच चालत आलं. सोयरिकी जुळवताना तेच, माझ्या लेकीच्या शाळेत तेच. लेकीलाही तेच माहीत आहे. माय नांदेडला राहायला आली की मी तिला शेजारणींत एकटी बसू देत नव्हते. ती काहीतरी बोलून जाईल म्हणून. तिला ते कळलं होतं, दादा. ती आपली खोलीतच बसायची.

गेल्या महिन्यात मी हेडक्लार्क झाले. यादी लागली त्या दिवशी व्हरांड्यात कुणीतरी म्हणालंच, "जावयांचे दिवस हायेत." मी परत फिरले, त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही सासरे का? पुढं या, पाया पडते." त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, हे तुमच्या वाटचं बोलले. फार बरं वाटलं, दुपारपर्यंत.

दुपारी सत्कार होता. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, "यांचे वडीलही हेडक्लार्क होते. बाप हेडक्लार्क, लेक हेडक्लार्क, वारसा म्हणतात तो हा!" टाळ्या पडल्या. मी हात जोडले. ज्या माणसानं तुमची जागा खाल्ली, त्याच्याच खुर्चीत मी तुम्हाला इतकी वर्षं बसवून ठेवलंय, आणि वर तुम्हालाच विचारते, गप्प का बसलात.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. लेकीलाही नाही, अजून तरी नाही. साहेबांच्या नंतर माईक माझ्या हातात दिला होता, दादा. शिपाई होते, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.