हक्क न सोडता

“आक्के, सही केलीस तर भाऊ राहील, न्हाई केलीस तर जमीन राहील. दोन्ही न्हाई राहायचं.” माझी आई ठकुबाई अकरा वर्षांपूर्वी हे बोलली, तेव्हा आम्हाला निबंधक कार्यालयात न्यायला आलेली गाडी दारात उभी होती. त्या वाक्यावाचून पुढचं कोणाला समजणार नाही, म्हणून ते आधी लिहिलं.

मी, ॲड. रोहिणी सुजित साळुंके, माहेरची येळवंडे, वय ४६, व्यवसाय वकिली, राहणार आकुर्डी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार यकृतापर्यंत गेला आहे आणि डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत. डोकं मात्र ठिकाणावर आहे. गोळीने झापड येते, म्हणून आजची सकाळची गोळी न घेता बसले आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. असती तर बरं वाटलं असतं, निदान कोणीतरी जवळ बसलेलं असतं.

१. राहता फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी इंद्रायणी, वय तेरा, हिला. तिचे वडील चार वर्षांपूर्वी तिसऱ्या शिफ्टवरून घरी येताना चाकणच्या रस्त्यावर अपघातात गेले. त्यांचं हेल्मेट मी दाराशी टांगून ठेवलं आहे. ते काढायचं की नाही, इंदूने ठरवावं.

२. कायद्याची पुस्तकं आणि काळा कोट माझा ज्युनियर ॲड. प्रीतम याला. कोट त्याला खांद्यात बसणार नाही, तरी त्याला तो हवा आहे. सोबत समाजमंदिरातलं रविवारचं टेबलही त्याने घ्यावं. या टेबलावर अठरा वर्षं मी फुकट सल्ला दिला. येणाऱ्या बहुतेक बायका चाकणकडच्या. गावात कंपनी आली, जमिनीला भाव आला की भाऊ बहिणींना गाडी पाठवतात, जेवू घालतात, साडी नेसवतात आणि मग हक्कसोडपत्रावर सही घेतात. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा आपण सोडला, असा तो कागद. एक बाई घाबरून म्हणाली होती, “साडी घेतली म्हंजी सही केल्यासारखीच की वो?” मी म्हटलं, “मावशी, साडी नेसा, जेवण जेवा, ढेकर द्या. सही करू नका.” बाकीच्या बायका इतक्या हसल्या की रखवालदार बघायला आला. तेव्हापासून तिकडच्या गावांत माझं नाव ‘सही-नको बाई’. प्रीतम, नाव बदललं तरी चालेल, सल्ला बदलू नकोस.

३. मला भर सभेत ‘घरं फोडणारी’ म्हणणाऱ्या चाकणकडच्या पुढारी जयसिंगरावांना मी काही देत नाही. पुढे त्यांची लेक तोंडाला ओढणी बांधून माझ्या टेबलापाशी आली आणि सल्ला घेऊन गेली. आमचा हिशेब तिथेच मिटला.

४. वडिलांच्या जमिनीतला माझा अविभक्त हिस्सा इंदूला. या जमिनीला गोदामवाल्यांचं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी सही दिली नाही. इतर बायकांना रविवारी जे सांगत होते, ते घरी सोमवारी विसरणं मला जमलं नाही. माझा धाकटा भाऊ ज्ञानेश त्या दिवसापासून बोललेला नाही. आई गेल्याचं मला दहाव्याला दुसऱ्यांकडून कळलं. वाटपाचा दावा खेडच्या कोर्टात चालू आहे. तो इंदूच्या वतीने पुढे चालवावा. ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्यासाठी कोणीही, तिच्या पालकानेसुद्धा, हक्कसोड करू नये.

५. इंदूचा पालक म्हणून मी ज्ञानेश येळवंडे याला नेमते.

या कलमाचा कच्चा मसुदा वाचून प्रीतमने मला दोनदा विचारलं, “मॅडम, नक्की?” नक्की. दुसरं कोणी नाही. परभणीच्या दिरांना विचारलं, ते म्हणाले, आमच्याच पोरी जड झाल्यात. राहिलं वसतिगृह. इंदू अजून वेणी माझ्याकडून घालून घेते.

मागच्या आठवड्यात भावजय पूनम आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पिशवीतून चिकू काढून ठेवले. मग म्हणाली, “वन्सं, ह्यांनी निरोप दिलाय. सही द्या, इंदूला उद्याच्या उद्या घेऊन जाते. खोलीला रंग बी दिलाय.”

“कुठला रंग?”

“पिवळा. तिला आवडतो न्हवं?”

मी पेन मागेन असं मला क्षणभर वाटलं. त्याऐवजी विचारलं, “पूनम, तू तुझ्या माहेरी सही केलीस?”

“केली की. लग्नानंतर लगीच.”

“मग भाऊ येतो का?”

तिने एक चिकू उचलून पुन्हा ठेवला. “फोन बी उचलत न्हाई, वन्सं.”

दोघी रडलो. सही मी दिली नाही. माझा वाटा आता इंदूचाच धरायचा. तिला घर मिळावं म्हणून तिचंच घेऊन देऊ कशी? आणि मी दिली, तर उद्या चाकणकडचा प्रत्येक भाऊ बहिणीला म्हणेल, “तुमच्या वकीलबाईनं बी केलीच की.” पूनम गेल्यावर इंदूने विचारलं, मामी कशाला आली होती? मी म्हटलं, चिकू द्यायला.

ज्ञानेशने नकार दिला तर कोणतंही न्यायालय त्याला भाग पाडू शकत नाही, हे मला इतर कोणाहीपेक्षा चांगलं माहीत आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. प्रीतम याने करावी. आधीचं कोणतंही मृत्युपत्र मी केलेलं नाही. इतक्या लवकर लागेल असं वाटलं नव्हतं.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: आकुर्डी, पुणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) रोहिणी सुजित साळुंके

साक्षीदार:
१. (सही) डॉ. साधना उद्धवराव टोपे, निगडी
२. (सही) शेखर बाळाजी कड, दापोडी

सहीच्या खाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत. म्हणूनच हे इथे लिहिते. हे मी कायद्याने मागत नाही.

ज्ञानू, तू नाही म्हणशील. सही नाही, दावा मागे घेणार नाही, तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. तरी इंदूला घेऊन जा.