माझं नाव मागे घेणारा अर्ज

प्रिय अप्पा,

काल घर पाहुण्यांनी भरलं होतं. तुमच्या फोटोसमोर बसून काका सगळ्यांना सांगत होते, "अप्पांनी पोरीला लई शिकवलं. इंग्रजी पत्रं लिहिते की!" आई असूनही अव्वा मान डोलावत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, म्हणून हे लिहितेय. ऐकून घ्या. आता मध्येच उठून दुकानात जाता यायचं नाही तुम्हाला!

सहा वर्षांपूर्वी, मॅट्रिकला दोन महिने उरले असताना, अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलगा नववी पास. मुलगी त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली त्यांना चालणार नव्हती. तुम्ही शाळेला अर्ज द्यायचं ठरवलंत, आणि लिहायला बसवलंत कुणाला? मलाच! भवानी पेठेतल्या आपल्या सुताच्या दुकानाची इंग्रजी पत्रं मीच लिहायची ना.

"परीक्षेतनं नाव मागं घेतो, असं लिही," तुम्ही म्हणालात.

मी डिक्शनरी काढली. गड्ड्याच्या जत्रेतून तुम्हीच हौसेनं आणलेली. शब्द सापडला, विथड्रॉ. खाली उदाहरणं होती. सैन्य माघार घेतं, उमेदवार अर्ज मागे घेतो, माणूस आपले शब्द मागे घेतो. सगळीकडे ज्याचं त्यानं ठरवलेलं. माझ्यासारखं एकही उदाहरण नव्हतं, अप्पा.

तरी लिहिलं. खाडाखोड न करता, वळणदार अक्षरात. शाळेतल्या बाई अर्ज वाचून म्हणाल्या, "इंग्रजी छान आहे गं तुझं. मग नाव कशाला काढतेस?" तुम्ही शेजारी टोपी नीट करत उभे होतात. आणि मी अर्ज पुन्हा बाईंच्या पुढे सरकवला. तो राग माझा माझ्यावर आहे, तुमच्या माथी मारत नाही.

पुढं स्थळ मोडलं. मुलगी सावळी म्हणे! मी म्हटलं, आता तरी परीक्षेला बसू द्या. तर तुमचं ठरलेलं, "दुसरं स्थळ येईल की. घाई कसली?" सहा वर्षं हेच!

तापात तुमच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना मी सगळं भांडण मनात जुळवलं होतं. बरे झालात की बोलणार होते. तुम्ही बरे झालाच नाहीत. असं कुणी करतं का?

आठवण येते तुमची. त्यानं राग कमी होत नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेला मी बाहेरून बसतेय. फॉर्म आणलाय. वडिलांच्या रकान्यात तुमचंच नाव लिहीन, रागानं ते गाळणार नाही. खाली सही मात्र माझी. आणि उद्या दारात कुठलंही स्थळ येऊन बसलं, तरी मी पेपर देऊनच घरी येईन. हे वचन.

तुमचीच,
गिरिजा