एकमताने दुखणारा खांदा

३ मार्च
चि. ठकीस अ. आ.

कागद हाती घ्यावा लागला, कारण कामगार बायकांच्या दुखण्यांवरचा तुझा अभ्यास माझ्या हातून बिघडला आहे आणि नेमका कुठे, ते मला समजत नाही.

आमच्या लाँड्रीतल्या बावीस बायकांसाठी तू माणसाच्या आकृत्या पाठवल्यास. दुखतं तिथे लाल ठिपका चिकटवायचा आणि सगळं बायकांनी मिळून ठरवायचं, असं तू लिहिलं होतंस. मी मुकादम. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना चादरींच्या गठ्ठ्यांवर बसवलं. चर्चा झाली, हात वर झाले, उजवा खांदा एकमताने मंजूर. खांदा दुखतो म्हटलं की इस्त्रीची उंच टेबलं खाली येतील, हा हिशेब.

फक्त डागवालीने, म्हणजे चादरींचे डाग औषधाने काढणारीने, दहाही बोटांवर ठिपके लावले. बाकीच्या तुटून पडल्या. मालकाला कळलं तर तो तुला घरी बसवेल, म्हणाल्या. इस्त्रीवालीने वर ऐकवलं, की तुझी बोटं बधिर आहेत, दुखत कुठे आहेत? चित्र दुखण्याचं आहे. मला ते पटलं. तिचे ठिपके मीच खरवडून काढले. अर्धा तास मोडला. ती उठून आपल्या टेबलाशी गेली. तेव्हापासून मला चैन नाही. मी तिला वाचवलं की गप्प केलं?

तुझी,
आत्या

७ मार्च
ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोकं धरून बसले. काय शोधायचं ते मिळून ठरवायचं होतं. कुठे दुखतं ते जिचं तिने. हे मी धड लिहिलं नाही. आमचे सर म्हणतात, चित्रं फेकून दे. पण खांदे खरंच दुखत असतील, तर खोटं तरी कशाला म्हणू? आणि बधिरपणाला मी चित्रात जागाच ठेवली नव्हती.

नव्या आकृत्या पाठवते आहे. दुखण्याला लाल ठिपका, बधिरपणाला निळा. नाव कुणी लिहायचं नाही. तरी एक भीती आहे. एकटीचीच बोटं निळी दिसली, तर ती डागवालीच, हे मालक तेव्हाच ओळखेल. यावर मला उपाय सुचत नाही.

रागावू नकोस, पण एक विचारते. दहा ठिपके काढायला तुला अर्धा तास का लागला? आणि मुकादम होण्याआधी अकरा वर्षं डागांच्या टेबलावर कोण होतं?

रागावलीस तरी पत्र मात्र धाड.
तुझी,
ठकी

१२ मार्च
चि. ठकीस अ. आ.

मोठी आलीस आत्याची उलटतपासणी घेणारी! अभ्यास बायकांचा आहे, मुकादमाचा नाही, असं मी दोन दिवस स्वतःला बजावलं. तिसऱ्या सकाळी सून माझ्या स्वेटरची बटणं लावत होती. ती वर्षभर रोज लावते आहे आणि मी ते घाईच्या नावावर खपवते आहे.

काल पुन्हा सगळ्यांना बसवलं, या खेपेला भिंतीकडे तोंड करून. त्याआधी सगळ्यांदेखत माझी आकृती पुढ्यात घेतली आणि बोटांवर निळे ठिपके लावू लागले. सगळे वाकडे. डागवाली उठून आली. बाई, द्या इकडे, म्हणाली. तिलाही जमेना. शेवटी इस्त्रीवालीने आम्हा दोघींचे लावले आणि लावताना आम्हाला नको नको ते बोलली, डोळे पुसत. डागवाली रजेवर असली की तिच्या टेबलावर बसणाऱ्या तिघी मग आपण होऊन निळे ठिपके मागायला आल्या.

मी विचारणारी आहे की जिला विचारायचं ती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तुला झाला की कळव. मालक एकीला घरी बसवू शकला असता; मुकादमासकट पाचजणींना बसवून दाखवू दे.

प्रकृतीला जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

सुनेच्या हाती दिलं ते: नव्या आकृत्या तेवीस, पैकी बोटं निळी असलेल्या पाच. खरवडलेली जुनी एक. डागांचं औषध, तपासून घ्यायला, लहान बाटलीत, बूच घट्ट लावून. बूच इस्त्रीवालीने लावलं.