बिनआवाजाचं फाटक

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

इतके महिने पत्र नाही, फोनवरही तुटक बोललो, त्याबद्दल माफ कर. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मागच्या वेळी निघताना तू म्हणालीस, "आईला गुरासारखं कोंडू नकोस," ते मनात धरून बसलो होतो. तू काढलेलं पुढच्या दाराचं कुलूप मी परत लावलेलं नाही. त्या बाजूला सगळे तिला ओळखतात. लांब गेली तर दुकानदार हाताला धरून आणून सोडतो.

तब्येत उत्तम आहे तिची. मला कधी मुलगा समजते, कधी गॅसवाला. परवा गॅसवाला समजून झापलं, "सिलिंडर गळका देतोस, लाज नाही वाटत?" मी माफी मागून मोकळा झालो.

एक चांगली बातमी आहे. बाबांनी जुन्या पलंगाच्या लोखंडातून बनवलेलं मागच्या बागेतलं फाटक दुरुस्त झालं. संध्याकाळी आई-बाबा दोघं त्यातूनच कालव्याकाठी फिरायला जात. बाबा गेल्यावर ते गंजून बसलं होतं. आई रोज जाऊन हलवायची. ते वीतभर सरकायचं आणि असं किंचाळायचं की मी घरात कुठेही असलो तरी धावत सुटायचो.

पाण्याच्या टाकीचा स्टँड जोडायला वेल्डर आला होता. त्याने तिला फाटकाशी झटताना पाहिलं.

"आजी, फाटक कुरकुरतंय की तुमचे गुडघे?"

"दोन्ही. आधी फाटक बघ, गुडघ्यांना तुझी ठिणगी नको."

मी बाजारातून येईपर्यंत त्याने बिजागऱ्या नव्या बसवल्या होत्या, गंज घासून हिरवा रंगही दिला होता, बाबा द्यायचे तोच. मजुरीचं नाव काढू देईना. "माझी आजी अशीच दाराशी उभी असायची, साहेब," म्हणाला. "आता बोटाने ढकललं तरी उघडेल. आवाज तर अजिबात नाही."

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती इतकी खूश मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. अशा माणसाला काय सांगणार होतो, की तो आवाज मला हवा होता? आभार मानले.

तेव्हापासून ती चपला घालून तयारच असते. "हे पुढे गेलेत. मी गाठते," म्हणते. कालव्याला यंदा पाणी भरपूर आहे आणि काठाला कठडा नाही, हे तुला माहीत आहे.

फाटकाला कुलूप का लावलं नाही, असं तू विचारशील. सुरुवातीला वाटलं, तिचा आनंद कशाला हिरावू. नंतर वाटलं, तू पुन्हा तेच म्हणशील. दोन्ही कारणं मी वहीत लिहून ठेवली होती. काल वाचली तर दोन्ही बरी दिसतात, आणि खरी एकही नाही.

गुरुवारी दुपारी मी कप विसळत होतो. खिडकीतून ती फाटकातून बाहेर जाताना दिसली. मी कप धुतला. पुसला. पालथा ठेवला. मग बशी घेतली. ती स्वच्छच होती, ताई. तीही धुतली.

मी विचारात गढलो होतो असं लिहिता आलं असतं. पण मी विचार करत नव्हतो. मी कालव्याच्या दिशेने कानोसा घेत होतो.

मग हातातली बशी निसटली आणि मी पळालो. ती अगदी काठावर उभी होती. चपला काढून नीट जोडीने ठेवल्या होत्या, घरात शिरताना ठेवतो तशा. मी दंड धरला तेव्हा तिने वळून पाहिलं आणि त्या वेळी मला नीट ओळखलं.

"किती वेळ लावलास रे," ती म्हणाली.

रागावून नाही. जेवायला हाक मारल्यावर उशीर झाला की म्हणायची, तसंच. परत येताना तिचा हात माझ्या हातात गरम होता आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सध्या फाटक तारेने बांधलंय. ती फाटकाशी जाऊन तारेवर बोट फिरवते आणि माझ्याकडे बघते. पण तार मी बांधली, म्हणजे सोडणाराही मीच. कुलपाचंही तेच, किल्ली माझ्याच खिशात राहणार. मी वाईट मुलगा आहे की फक्त थकलोय, हे मला ठरवता येत नाही, आणि ते ठरेपर्यंत तिला माझ्या भरवशावर ठेवू नये असं वाटतं.

तू ये. भेटायला नको, राहायला ये. मला चार शब्द सुनाव हवं तर, पण घरात दुसरं कुणीतरी जागं असू दे.

तुझा, ज्याच्यावर विसंबून तू निर्धास्त आहेस तो,
धाकटा

ता.क. उद्याचं काम: वेल्डरला बोलावून फाटक चौकटीला कायमचं जोडून घेणे.