तुमच्या मापाच्या पलंगावरची गादी

बाबा, तुमच्या पलंगावरची गादी आज मी उसवली. तिच्यात मधोमध एवढा खड्डा पडला होता की आई त्यात रुतली की हात धरून ओढल्याशिवाय तिला उठता यायचं नाही. बाथरूमला, जेवायला, औषधाला, दिवसातून दहा वेळा मी ओढते. ऑफिसात असले की शेजारच्या काकू येऊन ओढतात. आणि नेमकी आत्ताच मला नाशिकच्या शाखेत बढती देऊ केलीय. आई म्हणते, "तू जा गं, मी राहीन." पण जिला पलंगावरून उठता येत नाही ती एकटी राहणार कशी?

नवी गादी घ्यायला गेले, तर दुकानदाराने मापाचा कागद पाहून तो परत दिला. "इस नाप का कहाँ मिलेगा दीदी, पलंग ही बदल डालो." त्याला काय सांगू? मुंबई सोडून नवघरच्या या एका खोलीत आलो तेव्हा तुम्ही सुताराला घरी बोलावलंत, खिडकी आणि कपाटाच्या मधल्या जागेत स्वतः आडवे झालात आणि म्हणालात, "घ्या माप. मी मावलो की सगळे मावतील." नववीतच मी तुमच्यापेक्षा उंच झाले आणि पुढची कित्येक वर्षं त्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन झोपले. हल्ली खाली चटईवर झोपते, तरी गुडघे आपोआप दुमडतात. पलंग भिंतीला ठोकलेला. अख्खा दारातून निघायचा नाही, मोडावाच लागेल, आणि मोडायचं नाव काढलं की आई दोन दिवस बोलत नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, सांगूनच टाकते.

मग राहिली जुनीच गादी. दर मे महिन्यात आपण दोघं ती गच्चीवर उसवायचो, आठवतं? तुम्ही कापसाचे गठ्ठे बोटांनी सोडवताय, मी दाभणात दोरा ओवतेय. एकदा मैत्रिणी खाली थांबल्या होत्या म्हणून मी टाके भराभर, ढिले घातले. तुम्ही ब्लेडने अख्खी ओळ कापलीत आणि दाभण परत माझ्या हातात दिलंत. "घाई तुला आहे, गादीला नाही." मैत्रिणी निघून गेल्या. आता सोसायटीने गच्चीला कुलूप घातलंय, म्हणून सगळं खोलीतच केलं. कापूस उडू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. नाकाला पदर लावून आई खुर्चीवरून हुकूम सोडत होती, "मधे जास्त भर. ह्यांचा हात मधेच आखडायचा." दोन जुन्या उशा फोडून त्यांचा कापूस मधे भरला, एकेक टाका दातओठ खाऊन ओढला. बोटं सोलली.

संध्याकाळी आई गादीच्या काठावर बसली, दोन्ही तळवे टेकले आणि उठली. आपली आपण. भिंतीला धरून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बघितलंस? आता जा नाशिकला. उद्याच कळव त्यांना." मी चहात साखर घालत होते. मान वर न करता म्हटलं, "कळवते."

बाबा, मी सोमवारीच कळवलंय. नाही म्हणून. आईला उठता येत नाही, असं कारण लिहिलं. साहेबांचं लगेच उत्तर आलं, परिस्थिती समजू शकतो. परिस्थिती कसली, मला भीती वाटली. पन्नाशीला टेकल्यावर परक्या गावात खोली शोधायची, कुणाची हाक येणार नाही अशा घरात एकटीने जेवायचं. नकार कळवल्यावर मला हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी आज गादी उसवायला घेतली. आईला हे सांगायची हिंमत नाही. तुम्हाला लिहितेय, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आई उभी राहिली तेव्हा मला आनंद झाला नाही, बाबा. पहिलं मनात आलं ते हे, की आता कारण काय सांगू.